नवी बॅटरी घेण्याआधी तीन आकडे

सेल्फचं बटण दाबलं आणि इंजिनाऐवजी नुसती टकटक ऐकू आली, की निकाल तिथल्या तिथे लागतो: बॅटरी बसली, नवी टाका. मोटरसायकलच्या विजेच्या कारभारात बॅटरीइतका बदनाम भाग दुसरा नाही. कधी ती खरोखरच संपलेली असते. पण पुष्कळदा ती नुसती उपाशी असते, आणि तिला उपाशी ठेवणारा दुसराच कुणीतरी असतो.

मी हे शिकलो ते पैसे घालवून. टकटक झाली म्हणून नवी बॅटरी टाकली. तीन आठवडे गाडी एका बटणात सुरू झाली आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा टकटक. चार्ज करून आणली, पाच दिवस चालली. शेवटी एका रविवारी सीट काढून बसलो, तेव्हा रेग्युलेटरच्या (या डब्याबद्दल पुढे येतंच आहे) कपलरमधली, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमधली, एक पिवळी वायर तपकिरी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं. नवी बॅटरी बिचारी जेवढी भरून आली होती, तेवढ्यावर दिवस काढत होती. जुनी तोवर भंगारात गेली होती. तिचं काही बिघडलं होतं की नाही, हे आता कळायला मार्ग नाही.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे: आधी मोजा, मग विकत घ्या. त्यासाठी लागतं काय, तर एक साधा डिजिटल मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, एक-दोन पाने आणि तासभराची शांतता.

वीज येते कुठून?

इंजिनाच्या एका बाजूच्या कव्हरखाली फ्लायव्हील फिरत असतं आणि त्याला आतून चुंबक बसवलेले असतात. त्या चुंबकांच्या मधोमध तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला एक भाग जागचा न हलता बसलेला असतो. तो स्टेटर. गॅरेजात त्याला मॅग्नेट कॉइल किंवा कॉइल प्लेटही म्हणतात. चुंबक फिरले की वेटोळ्यांत वीज तयार होते. पण ही वीज असते एसी, म्हणजे क्षणाक्षणाला दिशा बदलणारी, आणि बॅटरीला लागते डीसी, एकाच दिशेने वाहणारी. शिवाय रेस दिली की व्होल्ट वाढत जातात. ही वीज तशीच बॅटरीत सोडली तर बॅटरी, बल्ब आणि ईसीयू (इंजिनाचा कारभार पाहणारा छोटा संगणक) सगळ्यांचीच वाट लागेल.

म्हणून मध्ये एक डबा असतो. ॲल्युमिनियमचा, पाठीवर पंखासारख्या पट्ट्या असलेला. याचं पूर्ण नाव रेग्युलेटर-रेक्टिफायर, बोलीत नुसतं रेग्युलेटर. त्यातला रेक्टिफायर एसीचं डीसी करतो आणि रेग्युलेटर व्होल्टना साडेचौदाच्या आसपास लगाम घालतो. हा लगाम घालण्याची पद्धत मोठी गमतीची आहे. बहुतेक गाड्यांत जास्तीची वीज साठवली जात नाही किंवा थांबवलीही जात नाही; रेग्युलेटर स्टेटरच्या वायरी क्षणभर आपसांत शॉर्ट करतो आणि ती वीज उष्णता होऊन विरून जाते. त्यामुळेच हा डबा हाताला चटका बसेल इतका तापतो. त्यात बिघाड काही नाही, तो त्याचा धंदाच आहे. याच कारणाने, हेडलाइट बंद ठेवला की स्टेटरला आराम मिळतो ही समजूत अशा गाड्यांपुरती खोटी आहे. तुम्ही वीज वापरा किंवा नका वापरू, स्टेटर आपला पूर्ण घाम गाळतच असतो.

या साखळीत बॅटरी सगळ्यात शेवटी येते. तिला पाण्याची टाकी समजा. स्टेटर हा पंप, रेग्युलेटर हा झडप, वायरी म्हणजे नळ. व्होल्ट ही टाकीतल्या पाण्याची पातळी आणि अँपिअर म्हणजे नळातून वाहणारी धार. टाकी रिकामी दिसली तर तीन शक्यता: पंपाचं पाणी पोचत नाही, कुठेतरी गळती आहे, किंवा टाकीच आता पाणी धरत नाही. घरी बसून आपल्याला एवढंच ठरवायचं आहे की या तिघांतलं कोणतं.

मीटर हातात घेताना

काळी वायर कॉमन लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात, चकती डीसी २० व्होल्टवर. एवढं केलं की बॅटरीचे व्होल्ट मोजायला तुम्ही तयार. फक्त एक चूक टाळायची. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना प्रोब (मीटरच्या वायरींची टोकदार टोकं) बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावले, तर मीटर म्हणजे निव्वळ एक तार होते आणि बॅटरी त्यातून शॉर्ट होते. नशीब चांगलं असेल तर मीटरचा फ्यूज जातो. अँपिअर मोजून झाले की लाल वायर लगेच मूळ जागी आणायची सवय लावून घ्या.

पहिला आकडा: गाडी झोपलेली असताना

आपल्या गाड्यांत बहुतांशी लेड-ॲसिड बॅटरी असते. १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिली लेड-ॲसिड बॅटरी बनवली. शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल हा संसार अजून तोच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणजे पूर्ण भरलेली '१२ व्होल्ट'ची बॅटरी प्रत्यक्षात १२.६ च्या वर असते. नाव बारा आहे म्हणून मीटरवर बारा दिसल्यावर समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. बारा म्हणजे बॅटरी जवळजवळ उतरलेली.

मोजायचं ते रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, चावी बंद ठेवून. नुकती चालवलेली किंवा चार्जरवरून काढलेली बॅटरी काही तास वरवरचा फुगीर आकडा दाखवते. थांबायला वेळ नसेल तर मिनिटभर हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. १२.६ ते १२.८ असेल तर बॅटरी भरलेली. सीलबंद एजीएम बॅटरी (जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत मुरवलेलं असतं) त्याहून थोडी वर, १२.९ च्या आसपास दिसू शकते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव किंवा त्याहून कमी. पाव-अर्ध्या व्होल्टात सगळा खेळ संपतो, म्हणून बल्ब लावून 'पेटतोय की' म्हणण्याला काही अर्थ नाही.

एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: १०.५. रात्रभर चार्ज करूनही बॅटरी दहा-साडेदहाच्या आसपासच येऊन बसत असेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. ५ गुणिले २.१, हिशोब जुळतो. त्या बॅटरीवर पुढे वेळ घालवू नका.

आकडा नुसता कमी असेल तर अजून निकाल देऊ नका. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मगच पुढे जा. उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची प्रत्येक चाचणी तुम्हाला फसवेल.

दुसरा आकडा: सेल्फ मारताना

पहिला आकडा टाकीची पातळी सांगतो, टाकीत किती पाणी मावतं हे सांगत नाही. समजा टाकीत वर्षानुवर्षं गाळ आणि दगड साचलेत. वरून पाहिलं तर पातळी काठोकाठ, आणि नळ सोडला तर दोन बादल्यांत टाकी कोरडी. जुन्या बॅटरीचं हेच होतं. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात. दिवस गेले की घट्ट होतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मीटरवर १२.७ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच मान टाकते, ती यामुळे.

प्रोब बॅटरीच्या टर्मिनलवर धरा आणि सेल्फ मारा. आकडा खाली येईल, येणारच. तो किती खाली येतो ते पाहायचं. साधा मीटर इतका मंद असतो की खालचा आकडा डोळ्यांना सापडतच नाही. मी मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढतो आणि मग थांबवत थांबवत बघतो. चांगली भरलेली, तब्येतीची बॅटरी १० च्या वर राहते, बरेचदा साडेदहा-अकराला. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकलीय. तिचा निरोप घ्यायला हरकत नाही.

आता त्या टकटकीबद्दल. सेल्फचं बटण थेट मोटरला वीज देत नाही. ते एका रिलेला वीज देतं, आणि रिले आतला जाड संपर्क जोडून मोटरला बॅटरीशी गाठ घालून देतो. बॅटरी अशक्त असेल तर काय होतं बघा. रिले जोडला गेला, मोटरने एकदम मोठा प्रवाह ओढला, बॅटरीचे व्होल्ट कोसळले, त्या कमी व्होल्टवर रिलेला स्वतःचा संपर्कही धरून ठेवता येईना, म्हणून तो सुटला. सुटताच मोटरचा भार गेला, व्होल्ट वर आले, रिले पुन्हा जोडला गेला. हे सेकंदात अनेकदा घडतं. तीच ती टकटक. म्हणजे भराभर टकटक हे अशक्त बॅटरीचं किंवा सैल टर्मिनलचं लक्षण. एकच मोठा 'टक्' आणि पुढे शांतता असेल तर संशय रिलेच्या संपर्कावर, जाड केबलवर किंवा सेल्फच्या मोटरवर जायला हवा. आणि काहीच आवाज नाही, मीटरवर आकडा १२.६ वरून हललाही नाही, तर बॅटरीतून वीज निघतच नाहीये. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच, फ्यूज यांच्याकडे पाहा. किल स्विच चुकून बंद राहिलेली गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेणारा माणूस मी पाहिलाय. नाव सांगणार नाही, पण तो हा लेख वाचेल.

हे सगळं करण्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल सोडवून, घासून, पुन्हा घट्ट आवळलेली असावीत, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण मोटरसायकलची बॅटरी सतत थरथरत असते आणि तिचे स्क्रू आपोआप ढिले होतात. हाताने हलवून टर्मिनल जराही हललं तर बाकीच्या चाचण्या बाजूला ठेवा. सोडवताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, जोडताना उलट. कारण गाडीचा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना सांगाड्याला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो.

तिसरा आकडा: इंजिन चालू असताना

हा आकडा सगळ्यात जास्त सांगून जातो आणि सगळ्यात कमी लोक तो मोजतात. बॅटरी भरलेली, गाडी सुरू, हेडलाइट लावलेला, प्रोब बॅटरीवरच. निवांत चालणाऱ्या इंजिनावर आकडा १३ च्या वर असावा. रेस देऊन ४,००० ते ५,००० आरपीएमवर धरला की १३.८ ते १४.६ च्या दरम्यान यावा आणि तिथेच थांबावा. पुढे रेस दिली तरी वाढू नये. असं असेल तर चार्जिंगला धक्काही लागलेला नाही; तुमचा बिघाड दुसरीकडे आहे.

रेस देऊनही आकडा पावणेतेराच्या आसपास रेंगाळत असेल किंवा हळूहळू खालीच चालला असेल, तर बॅटरीला जेवण मिळत नाही. उलट १५ च्या वर जात असेल तर तिला कोंबून भरवलं जातंय. आतलं पाणी उडतं, बॅटरी तापते, फुगते, बल्ब लवकर जातात. पहिल्या प्रकारात दोष स्टेटर, वायरी, कपलर, रेग्युलेटर यांपैकी कुठेही असू शकतो. दुसऱ्या प्रकारात बहुधा रेग्युलेटर, किंवा त्याचं अर्थिंग. काही गाड्यांत रेग्युलेटर बॅटरीचे व्होल्ट एका वेगळ्या बारीक वायरने मोजतो आणि ती वायर चावीच्या स्विचनंतर जोडलेली असते. स्विचच्या संपर्कांवर काळं चढलं की त्या वायरीवर खऱ्यापेक्षा कमी व्होल्ट पोचतात, रेग्युलेटरला वाटतं बॅटरी भुकेली आहे आणि तो वाढतच राहतो. रेग्युलेटर बदलूनही पंधरा-सव्वापंधरा हटत नसेल तर हे तपासा.

हीच मोजणी वीसेक मिनिटं गाडी चालवून, सगळं तापल्यावर पुन्हा एकदा करा. थंड इंजिनावर शहाण्यासारखा वागणारा स्टेटर तापल्यावर मान टाकतो, असं पुष्कळदा होतं. गॅरेजात गाडी नेईपर्यंत 'आजार' पळून जाण्याचं कारण बहुधा हेच असतं.

जाता जाता एक गोष्ट. काही जुन्या लहान गाड्यांत हेडलाइट थेट स्टेटरच्या एसीवर चालतो, बॅटरीचा त्याच्याशी संबंध नसतो. तिथे उभ्या गाडीत प्रकाश मिणमिणता आणि रेस दिल्यावर लख्ख, हे गाडीच्या घडणीतच आहे. त्यावरून बॅटरीवर आळ घेऊ नका.

गुन्हेगार बहुतेक वेळा कपलरच

तिसरा आकडा कमी आला की हात लगेच स्टेटर किंवा रेग्युलेटरकडे जातो. थांबा. आधी वायरी. तीन एकाच रंगाच्या वायरी, बहुधा पिवळ्या, कधी पांढऱ्या, स्टेटरकडून येऊन एका कपलरमधून रेग्युलेटरकडे जातात. रेग्युलेटरकडून लाल आणि काळी किंवा हिरवी वायर बॅटरीकडे जाते. हे कपलर उघडून डोळ्यांनी बघा. तपकिरी पडलेलं प्लॅस्टिक, हिरवट पावडर, मागे सरकलेली पिन, कडक झालेली वायर, यांतलं काहीही दिसलं तर शोध तिथेच संपण्याची दाट शक्यता.

इतकी छोटी पिन इतका घोळ का घालते, हे समजून घेण्यासारखं आहे. पिन जराशी ढिली झाली की तिथे विजेला अडथळा तयार होतो. समजा तिथे फक्त अर्धा व्होल्ट वाया जातोय आणि वायरीतून १० अँपिअर वाहताहेत. अर्धा गुणिले दहा, म्हणजे ५ वॉट उष्णता, आणि तीही गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत. पिन तापते, तापल्याने तिच्यावर ऑक्साइड चढतं, ऑक्साइडने अडथळा वाढतो, अडथळ्याने आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपणहून थांबत नाही. प्लॅस्टिक वितळल्यावर आपल्याला कळतं, तोवर बॅटरी अर्धपोटी राहून महिने लोटलेले असतात.

डोळ्यांना दिसत नसेल तर मीटर दाखवतो. इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास, हेडलाइट चालू, मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा रेग्युलेटरच्या लाल वायरीवर, कपलर न सोडता मागच्या बाजूने पिनेला टेकवून. एकाच वायरीची दोन टोकं आहेत, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.२ पर्यंत चालवून घ्या. ०.३ च्या वर गेला तर तेवढे व्होल्ट वाटेत कुठेतरी मुरताहेत. मग असंच निगेटिव्ह बाजूला: बॅटरीचं निगेटिव्ह आणि रेग्युलेटरची अर्थिंगची वायर. सांगाड्याला जोडलेल्या अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज किंवा रंग असतो आणि कुणी तिकडे पाहत नाही. काचकागदाने घासून, आवळून, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला की काम झालं. माझ्या मते घरच्या घरी करता येणारी ही सगळ्यात मोलाची चाचणी आहे, आणि ती करणारे फार थोडे.

जळका कपलर कापून वायरींना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे तोच बिघाड नव्या पत्त्यावर हलवणं. सोल्डर करा किंवा चांगल्या क्रिम्पिंगचा, सीलबंद कपलर टाका.

स्टेटर आणि रेग्युलेटर

वायरी निर्दोष निघाल्या तर पंप तपासायचा. स्टेटरच्या तीन वायरींचा कपलर सोडा. मीटर एसी २०० व्होल्टवर. इंजिन सुरू करा आणि स्टेटरकडच्या बाजूला दोन-दोन वायरींत व्होल्ट मोजा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. कपलर सुटलेला असताना बहुतेक गाड्या निव्वळ बॅटरीवर चालतात, त्यामुळे हे दोन-चार मिनिटांत उरका. आणि रेस दिल्यावर इथे ५० व्होल्टच्या वर एसी असू शकतो, उघड्या पिनांना बोट लावू नका.

नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. पण मॅन्युअल नसलं तरी दोन गोष्टी पाहता येतात. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे हवेत, आणि रेस दिली की ते एकसमान चढायला हवेत. दोन जोड्या ५० वर आणि तिसरी २० वर, तर एक वेटोळं जळलंय. मग इंजिन बंद करून ओहमवर मोजा. वायरी-वायरींत अगदी कमी, बहुधा एका ओहमच्या आत. प्रोब एकमेकांना टेकवून मीटरचा स्वतःचा जो अडथळा दिसतो तो त्यातून वजा करा. आणि कोणतीही वायर व इंजिनाचं अंग यांत काहीच जोड दिसता कामा नये. दिसली तर वेटोळ्याचं इन्शुलेशन जळून तार लोखंडाला टेकलीय. अपवाद लहान गाड्यांचा: त्यांतल्या काहींत स्टेटरच्या वेटोळ्याचं एक टोक मुळातच अर्थ केलेलं असतं, वायरीही तीन सारख्या नसतात. तिथे ही जोड दिसणं बरोबरच. वायरिंगचा नकाशा न पाहता अशा स्टेटरला दोषी ठरवू नका.

ओहमची चाचणी थंड स्टेटरवर उत्तीर्ण होऊन एसीच्या चाचणीत नापास झाली, तर एसीचं ऐका.

स्टेटर चांगला, वायरी चांगल्या, अर्थिंग चांगलं, फ्यूज शाबूत, तरी बॅटरीवर १४ येत नाही, मग उरला रेग्युलेटर. रेक्टिफायर डायोडांचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, बनलेला असतो; मीटरच्या डायोड चाचणीने तो तपासता येतो: एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा, उलट दिशेने काही नाही. पण आतला रेग्युलेटरचा भाग या चाचणीने कळत नाही. म्हणून मी त्याला असाच, बाकीच्यांना निर्दोष सोडून, पकडतो. नवा बसवताना तो हवा लागेल अशा जागी आणि धातूला नीट टेकून बसेल हे बघा. सीटखाली कोंडलेला रेग्युलेटर लवकर मरतो.

गळती

तिन्ही आकडे उत्तम, गाडी रोज चालवली तर काही तक्रार नाही, पण आठवडाभर उभी राहिली की मेली. ही गळती. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मीटर १० अँपिअरवर, लाल वायर त्या भोकात, आणि सुटलेली वायर व बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर जोडा. या अवस्थेत सेल्फला हात लावायचा नाही, चावीही फिरवायची नाही. आकडा अगदी छोटा आला तरच मिलिअँपिअरच्या भोकात वायर हलवा.

घड्याळ आणि ईसीयू मिळून एखाद-दोन मिलिअँपिअर घेणं स्वाभाविक आहे. १ मिलिअँपिअरने ५ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) बॅटरी रिकामी व्हायला दोनशेहून अधिक दिवस लागतील. पण ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, तीच बॅटरी चार दिवसांत साफ. असा आकडा दिसला की एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळेल, त्या वाटेवर चोर आहे. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा तो आपणच बोलावलेला असतो: थेट बॅटरीला जोडलेला यूएसबी चार्जर, जीपीएस ट्रॅकर, अलार्म. सगळे फ्यूज काढूनही गळती राहिली तर रेग्युलेटरचा कपलर सोडून बघा. त्यातला फुटका डायोड बॅटरी आतल्या आत पिऊन टाकतो.

गळती नसतानाही बॅटरी उतरत असेल तर जोडलेल्या दिव्यांचा हिशोब करा. ५५ वॉटचे दोन जादा दिवे म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टवर नऊ अँपिअरपेक्षा जास्त. मोठ्या टूरिंग गाडीचा स्टेटर हे सोसेल. लहान गाडीच्या स्टेटरची कमाई आणि हा खर्च यांचा मेळ बसणं कठीण. त्यातून रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर सेल्फ मारताना गेलेली वीज परत येईपर्यंत गाडी थांबलेलीही असते.

घरी चार्ज करताना

मोटरसायकलची बॅटरी लहान असते, तिला हळूहळू भरवायचं. तिच्या अँपिअर-अवरच्या एक दशांश प्रवाह ठेवा: ५ ची असेल तर ०.५ अँपिअर, ९ ची असेल तर ०.९. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. चारचाकीच्या मोठ्या चार्जरने तासाभरात भरण्याचा मोह टाळा, त्याने प्लेटा वाकतात. भरताना हायड्रोजन वायू सुटतो आणि तो पेटतो, म्हणून खिडकी उघडी आणि विडी-काडी लांब. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी कमी झाल्यावर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटू नका. लिथियम बॅटरीचा संसार वेगळा आहे: तिचे निवांत व्होल्ट १३.२ च्या वर असतात, वरचा हिशोब तिला लागू नाही आणि चार्जरही तिचाच लागतो.

चार्जिंग होतंय का ते पाहायला चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघण्याची एक जुनी युक्ती आहे. ती विसरा. बॅटरी व्होल्टचे झटके गिळून टाकते. ती बाजूला झाली की तोच झटका ईसीयूवर जातो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही बॅटरीवर चालतो, म्हणून बॅटरी साफ गेली असेल तर ती ढकलूनही सुरू होत नाही.

माझ्या गाडीच्या बाजूच्या कव्हरवर, आतल्या अंगाला, मार्करने तारीख आणि तीन आकडे लिहिलेत: १२.८, १०.९, १४.३. कपलर बदलला त्या दिवशीचे. दर सहा महिन्यांनी खाली एक ओळ वाढते. गेल्या खेपेला मधला आकडा १०.२ आला. बॅटरी बहुधा या वर्षी जाईल.